लकव्याच्या काकांना घरी जाऊन व्यायाम देऊ का?

प्रश्न: मी बारावी झालेली. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तीन वर्षं मदतनीस आहे. शेक देते, मशीनचे पॅड लावते, पेशंटला उठवते-बसवते. डॉक्टर आले नाहीत की व्यायामही मीच घेते. उजवी बाजू लुळी पडलेले एक काका येतात. त्यांच्या घरचे म्हणतात, ‘तूच घरी येत जा, रोजचे तीनशे देऊ.’ काकांचा खांदा दुखतो, त्याला मालिश करून हवी आहे. मला पैशांची गरज आहे. जाऊ का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: जा. पण व्यायाम ठरवायला नाही, ठरवून दिलेले करून घ्यायला.

आधी खांद्याचं बोलू. लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकू लागतो. त्यात घरचे काखेत हात घालून उठवतात, सदरा घालताना हात ओढतात. दुखणं पुष्कळदा तिथूनच सुरू होतं, आणि मालिशने ते थांबत नाही. काका बसले की हाताखाली उशी द्या. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. तुम्ही उभं राहायचं लुळ्या बाजूला आणि धरायचं कमरेला. उठवताना त्यांना खुर्चीच्या कडेला सरकू द्या, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे घ्या आणि समोरच्याच्या पाया पडायला वाकतो तसं पुढे वाकायला सांगा. मग त्यांचं त्यांनाच उठता येतं का ते बघा. तिथे घाई करू नका, तुमची पाठही वाचेल. हे सगळं घरच्यांनाही शिकवा. दिवसाचे बाकीचे तेवीस तास काका त्यांच्याच हातात असतात.

आता शेकाबद्दल. मी इंटर्न असताना मधुमेह असलेल्या एका आजींच्या पोटरीला शेक दिला. स्पर्श कळतो का, हे तपासलं नाही. आजी ‘बरं वाटतंय’ म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिथे फोड होता. चटका त्यांना कळलाच नव्हता. ती पोटरी मला अजून दिसते. आणि मी तेव्हा चार वर्षं शिकलेली होते! तेव्हापासून पेशंटला डोळे मिटायला लावून गरम आणि गार पाण्याच्या बाटल्या टेकवते. ओळखता आलं नाही तर शेक नाही. हृदयात पेसमेकर असेल तर दवाखान्यातही स्वतःहून करंटचं मशीन लावू नका. आणि काकांची पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, तर तिला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. आत रक्ताची गाठ असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

तुमच्या डॉक्टरांनी व्यायाम तुमच्यावर सोडून जाणं मला मुळीच पटलेलं नाही. आपल्या राज्यात फिजिओथेरपिस्टला परिषदेकडे नोंदणी करावी लागते. उद्या काही बिघडलं तर बोट दाखवलं जाईल ते नोंदणी नसलेल्या मुलीकडे. म्हणून डॉक्टरांना आधी काकांना तपासायला सांगा, कोणता व्यायाम, किती वेळा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी तो कागद बदलून मागा. लिहून देत नसतील तर हे काम घेऊ नका.

आणि तीनशे कमी आहेत. जाण्यायेण्याचा वेळ धरून पाचशे मागा.