वाचकांचे प्रश्न : सायट्रिक आम्ल चक्राची उकल

प्रश्न : सायट्रिक आम्ल चक्राच्या आठही पायऱ्या तपासल्या. ऑक्सिजनचा रेणू एकाही पायरीत वापरलेला दिसला नाही. मग ऑक्सिजन नसेल तर चक्र थांबतं, असं का म्हणतात?

उत्तर : तुम्ही बरोबर पाहिलंत, आणि पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांच्या या चक्राचं मर्म नेमकं इथेच आहे. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवणं हे त्याचं मुख्य काम नाही. एका फेरीत थेट हाती लागतो तो एक जीटीपी (एटीपीसारखाच ऊर्जावाहक) किंवा एटीपी. खरं काम आहे कार्बनच्या सांगाड्यावरचे इलेक्ट्रॉन उतरवून एनएडी आणि एफएडी या वाहक रेणूंवर चढवण्याचं; भरलेले वाहक म्हणजे एनएडीएच आणि एफएडीएच२.

दोन कार्बनांचा अ‍ॅसिटिल गट को-एन्झाइम ‘ए’ला जोडलेल्या रूपात येतो आणि चार कार्बनांच्या ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटशी संयोग पावतो. तयार होतं सहा कार्बनांचं सायट्रेट. त्याची फक्त फेररचना होऊन आयसोसायट्रेट बनतं. पुढच्या दोन पायऱ्यांत प्रत्येकी एक कार्बन डायऑक्साइड आणि एक एनएडीएच सुटतो : आधी पाच कार्बनांचं अल्फा-कीटोग्लुटारेट, मग चार कार्बनांचं सक्सिनिल को-एन्झाइम ए. ते सक्सिनेट होताना जीटीपी मिळतो. सक्सिनेटचं फ्युमरेट होताना एक एफएडीएच२, फ्युमरेटमध्ये पाणी मिसळून मॅलेट आणि शेवटी मॅलेटपासून पुन्हा ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होताना तिसरा एनएडीएच.

हे इलेक्ट्रॉन घ्यायला रिकामा एनएडी हवा, आणि पेशीत त्याचा साठा अगदी मर्यादित असतो. भरलेला एनएडीएच रिकामा होतो तो तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलावरच्या इलेक्ट्रॉन वहन साखळीत, आणि त्या साखळीच्या टोकाला इलेक्ट्रॉन स्वीकारतो ऑक्सिजन. तो नसला की साखळी तुंबते, एनएडीएच साचतो आणि चक्रातल्या तीन पायऱ्यांना एनएडी मिळेनासा होतो. ऑक्सिजनची गरज चक्राबाहेर आहे, पण अडतं चक्राचंच.

शेवटची पायरी जरा थांबून पाहा. मॅलेटचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होणं ऊर्जेच्या दृष्टीने चढणीचं आहे. प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल. ही पायरी पुढे सरकते, कारण तयार झालेलं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट पहिली पायरी लगेच ओढून घेते, आणि ती पायरी जवळपास तितक्याच उताराची आहे. म्हणूनच पेशीत मोकळं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट अत्यल्प आढळतं.

प्रश्न : एका ग्लुकोजपासून मिळणारे एटीपी कुठे ३८, कुठे ३६, कुठे ३२ तर कुठे ३० दिलेले असतात. खरं काय धरायचं?

उत्तर : ग्लुकोजच्या संपूर्ण विघटनात १० एनएडीएच, २ एफएडीएच२ आणि थेट मिळालेले ४ एटीपी (दोन जीटीपी धरून) हाती येतात. या आकड्यांवर वाद नाही. फरक पडतो तो विनिमय दरात. जुन्या हिशेबात एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ला २ धरत : ३० + ४ + ४ = ३८. आज मानतात की एका एनएडीएचमागे सुमारे १० प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि एक एटीपी तयार करून बाहेर पोचवायला सुमारे ४ लागतात. म्हणजे दर २.५ आणि १.५; बेरीज २५ + ३ + ४ = ३२.

ग्लायकोलिसिसमधले, म्हणजे ग्लुकोज फुटून पायरुव्हेट होण्याच्या पहिल्या टप्प्यातले, दोन एनएडीएच मात्र पेशीद्रवात तयार होतात आणि थेट तंतुकणिकेत जाऊ शकत नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन ग्लिसरॉल फॉस्फेटच्या वाटेने गेले तर दर १.५ पडतो आणि बेरीज ३० होते. जुना ३६ हा आकडाही याच कारणाने आला. परीक्षेत पाठ्यपुस्तकातला आकडा लिहा, समजून घेताना ३०-३२ धरा.

प्रश्न : चक्रात शिरलेले दोन कार्बनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात ना?

उत्तर : नाही, आणि ही चूक फार जणांची होते. पहिल्या फेरीत सुटणारे दोन्ही कार्बन जुन्या ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचे असतात. नव्याने आलेले पुढच्या फेऱ्यांत सुटतात. सायट्रेट तर सममित दिसतं, मग नवी आणि जुनी बाजू विकराला (एन्झाइमला) कळते कशी? या अडचणीमुळे सायट्रेट चक्रात नसावंच, असंही एके काळी मानलं गेलं. १९४८मध्ये जैवरसायनशास्त्रज्ञ ऑग्स्टन यांनी दाखवून दिलं की विकराने रेणू तीन बिंदूंवर धरला, तर त्याच्या सारख्या दिसणाऱ्या दोन टोकांतही फरक करता येतो.

हिशेब मात्र दोन आत, दोन बाहेर असाच राहतो. त्यामुळे अ‍ॅसिटिल गट कितीही ओतले तरी ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटमध्ये निव्वळ भर पडत नाही. सम कार्बनांच्या मेदाम्लांपासून आपलं शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही ते यामुळेच. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटची तूट भरून निघते ती मुख्यतः पायरुव्हेटला कार्बन जोडून, आणि त्या विकराला बायोटिन लागतं.

प्रश्न : ब१ जीवनसत्त्वाचा या चक्राशी काय संबंध?

उत्तर : थेट संबंध आहे. पायरुव्हेटचं अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए करणारा विकरसमूह आणि चक्रातला अल्फा-कीटोग्लुटारेट डीहायड्रोजिनेज, दोघांनाही थायामिन पायरोफॉस्फेट, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचं (थायामिनचं) कार्यशील रूप, लागतं. ते कमी पडलं की पायरुव्हेट चक्राच्या दाराशी अडतं आणि लॅक्टेट वाढतं. सर्वांत आधी झळ बसते मेंदू, मज्जातंतू आणि हृदयाला. बेरीबेरी हा त्याचाच आजार. अशा कुपोषित रुग्णाला नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायामिनही संपून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर ग्लुकोजच्या आधी किंवा सोबतच थायामिन देतात.