सॅकमध्ये गार्ड लपवताना

तुझं स्केच पाहिलं. बाहेरून साधी ऑफिसची सॅक, आत बाइकचे नी-गार्ड आणि पाठीचा गार्ड. कल्पना झकास आहे, फक्त तू कापड आधी निवडलंस आणि गार्ड नंतर कोंबलेस. गार्ड टेबलावर ठेव, भोवती ब्राउन पेपर दुमड, मगच कप्पा आख.

पाठीचा गार्ड न दुमडता, लॅपटॉपच्या मागे उभा सरकला पाहिजे. तो सॅकमध्ये असतानाही पाठ वाचवतो, असं गिऱ्हाइकाला चुकूनही सांगू नकोस. ईएन १६२१-२ या युरोपीय मानकाची चाचणी अंगावर घालायच्या गार्डसाठी आहे: ५० ज्यूलचा आघात, आणि लेव्हल २ ला (वरच्या दर्जाला) गार्डच्या पलीकडे सरासरी ९ किलोन्यूटनच्या आत बळ पोचायला हवं. तुझी सॅक फक्त तो वागवते. पडताना ती सरकते, गार्डही सरकतो.

खरी कसोटी आपला पाऊस. ओले गार्ड दिवसभर बंद राहिले की संध्याकाळी लोकलच्या डब्यात शेजारचे नाक मुरडणार. कप्प्याला एअर मेशचं (हवा खेळणाऱ्या जाळीदार कापडाचं) अस्तर दे, तळाला दोन आयलेट (कडी बसवलेली भोकं) ठोक, आणि लॅपटॉपकडची भिंत वॉटरप्रूफ ठेव. लोकलमध्ये सॅक पोटावर येते, त्यामुळे जाडी छातीशी नको, तळाशी असू दे. (गर्दीत सॅकचा कोपरा कुणाला लागला तर तुझं डिझाइन कोण ऐकून घेणार?)

चेन लपव, पण मेट्रोच्या तपासणीत उघडायला सांगितलं तर एका हाताने उघडली पाहिजे. धारावीत सॅम्पल टाकताना चेनचा रनर जाड घ्यायला सांग, स्वस्तातला दोन महिन्यांत दात सोडतो.