वाचकांचे प्रश्न : ऑनिंगचं कापड चौकटीवर बसवताना

प्रश्न : 10 फूट लांब, 4 फूट रुंद अशी 25 मिमी चौकोनी पाइपची वेल्ड केलेली ऑनिंगची (दारापुढच्या कापडी छपराची) चौकट आहे. तिच्यावर पीव्हीसीचा थर असलेलं पॉलिएस्टर कापड टाकून कडेने सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारले होते. एका पावसाळ्यातच स्क्रूच्या भोकांपाशी कापड फाटत गेलं. वॉशर मोठे घेऊन पुन्हा तेच करू का?

नका करू. वाऱ्याने कापड उचललं की सगळा ओढा त्या मोजक्या भोकांवर येतो. भोक लांबतं, लांबलं की स्क्रूभोवती कापड हलायला जागा मिळते आणि हलणारी कड स्क्रूच्या आट्यांवर कापली जाते. मोठ्या वॉशरने हे लांबणीवर पडेल, थांबणार नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे : स्क्रूने बसवलेलं कापड सैल पडलं तर पुन्हा ताणता येत नाही. पीव्हीसी उन्हात थोडं सैलावतंच, म्हणून ताण पुन्हा देता येईल अशीच जोडणी हवी. तुमच्या चौकटीला दोरीने आवळण्याची पद्धत योग्य.

बाहेरच्या पाइपच्या आतल्या कडेपासून 9 सेमी आत, चारही बाजूंनी समांतर अशी 10 मिमीची सळई वेल्ड करून घ्या. कापड पाइपवरून खाली वळवायचं, पाइपच्या तळाखालून आत न्यायचं आणि सळईच्या 4 सेमी अलीकडे थांबवायचं. ही 4 सेमीची फट म्हणजे तुमच्या हातातला ताण. ती ठेवली नाही तर कड सळईला आधीच टेकते आणि दोरी कितीही ओढली तरी कापड तंग होत नाही.

माप असं निघतं. पाइपची उभी बाजू 2.5, तळ 2.5 आणि आत 5, म्हणजे प्रत्येक बाजूला 10 सेमी जादा. तयार कापड 325 बाय 142 सेमी. कडेची दुमड प्रत्येक बाजूला 5 सेमी धरा, म्हणजे कापायचं माप 335 बाय 152. दुमडीच्या आत जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टरची निवार पट्टी घाला आणि पितळी आयलेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) त्या पट्टीतून मारा, नुसत्या कापडातून नको. दर 15 सेमीला एक, म्हणजे साधारण 57 लागतील. कोपऱ्यात दोन कडा एकमेकींवर चढून गठ्ठा होतो. तिथला जादा चौकोन कापून टाका, पाइपच्या उभ्या बाजूपुरत्या दोन्ही कडा जोडून शिवा आणि आतून त्याच कापडाचा एक तुकडा लावा. ऑनिंग सगळ्यात आधी कोपऱ्यातच घासून जातं.

दोरी 5 मिमी पॉलिएस्टरची, 18 मीटर पुरते. नायलॉनची दोरी ओली झाली की लांबते, पॉलिप्रॉपिलीनची उन्हाने ठिसूळ होते. चारही बाजूंना चार वेगळ्या दोऱ्या घ्या. एकच अखंड दोरी ओवली आणि ती कुठे तुटली, तर सगळं कापड सुटतं. आधी दोरी आयलेटमधून आणि सळईभोवती आळीपाळीने फिरवत चारही बाजू सैल ओवून घ्या, मग भिंतीकडची बाजू, नंतर समोरची, शेवटी आजूबाजूच्या दोन अशा क्रमाने प्रत्येक बाजू मधून कोपऱ्यांकडे आवळत जा. एकाच दमात पूर्ण ताण देऊ नका, दोन फेऱ्या करा. काम उबदार दिवशी करा : गारठ्यात पीव्हीसी ताठ असतं आणि तंग वाटतं, ऊन लागलं की झोळ पडतो. आठवड्याभराने एकदा पुन्हा आवळा.

कापड चढवण्याआधी वेल्डिंगच्या जागा कानशीने घासून हाताला गुळगुळीत लागतील अशा करा आणि त्यावर जस्तयुक्त प्रायमर मारा. वेल्डचा एखादा काटा राहिला तर तेवढ्याच जागी कापडाला भोक पडतं.

प्रश्न : कापड नवीन आणि तंग असूनही मध्ये पाणी साचतं. मधोमध एक आयलेट मारून पाणी सोडून द्यावं का?

उतार मोजा. 4 पैकी 1, म्हणजे साधारण 14 अंश, ही खालची मर्यादा धरा : भिंतीपासून 4 फूट पुढे आलेल्या ऑनिंगची समोरची कड किमान 1 फूट खाली हवी. उतार कमी असेल तर कापड कितीही ताणा, उपयोग नाही. एका चौरस मीटरवर 2 सेमी पाणी साचलं की 20 किलो वजन होतं, त्या वजनाने कापड लांबतं, खड्डा खोल होतो आणि पुढच्या सरीत त्यात आणखी पाणी राहतं.

उतार बरोबर असूनही साचत असेल तर आधाराच्या आडव्या अंतराकडे पाहा. भिंतीपासून समोरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या दोन पाइपांत 90 सेमीपेक्षा जास्त अंतर नको. त्या पाइपांवर कापडाचीच एक पट्टी चिकटवा, म्हणजे घासणं पट्टीवर जाईल. मधलं आयलेट हा तात्पुरता इलाज आहे : खड्डा तसाच राहतो आणि सगळ्यात जास्त ताणाच्या जागी तुम्ही भोक पाडलेलं असतं.

प्रश्न : अॅल्युमिनियमच्या स्टेपल चॅनलमध्ये (कापड स्टेपलने ठोकायच्या खाचेच्या पट्टीत) अॅक्रिलिक कापड बसवलं. मधला भाग छान आला, पण कोपऱ्यांतून तिरक्या सुरकुत्या येतात.

बहुतेक वेळा कारण एकच : कोपरे आधी पक्के केलेले असतात. भिंतीकडच्या बाजूच्या मध्यावर काही स्टेपल, मग समोरच्या मध्यावर, मग दोन्हीकडे 30-30 सेमी पुढे सरकत जायचं. कोपऱ्याजवळचे शेवटचे 30 सेमी चारही बाजूंना मोकळे ठेवून सर्वांत शेवटी घ्या. ओढताना कापड चॅनलला काटकोनात ओढा. कोपऱ्याकडे तिरकं ओढलं की विणीचा उभा-आडवा धागा वाकतो, आणि अॅक्रिलिकला पीव्हीसीसारखी लवचीकता नसल्यामुळे ती सुरकुत मग उन्हानेही निघत नाही.

आता दुरुस्तीसाठी झाकणपट्टी काढा, कोपऱ्याकडचे स्टेपल उपसा आणि पुन्हा ओढा. त्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते समान नसतील तर दोष चौकटीत आहे. स्टेपल स्टेनलेस स्टीलचेच घ्या, 10 मिमी पायांचे, दर 2.5 सेमीला एक, चॅनलला समांतर. साध्या लोखंडाचे स्टेपल गंजून कापडावर तांबूस ओघळ सोडतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्टेपल गनचा दाब आधी टाकाऊ तुकड्यावर ठरवा : जास्त झाला तर स्टेपलची पाठ कापड कापते, कमी झाला तर पाय चॅनलमध्ये शिरत नाहीत. हाताच्या स्टेपलरने हे काम होत नाही. जादा कापड तापत्या सुरीने कापा, म्हणजे कड वितळून बंद होते, सुटत नाही.

प्रश्न : कडेला गोल दोर शिवलेलं कापड रुळात (खाच असलेल्या पट्टीत) सरकवताना मध्येच अडकतं.

रुळाच्या तोंडाची धार कानशीने मोडा, आतला भुसा फुंकून काढा, सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारा. तेल नको, धूळ धरतं. तरीही अडकत असेल तर शिवण दोरापासून लांब पडली आहे : दोर आणि शिवण यांच्यामधलं सैल कापड रुळाच्या फटीत दुमडतं. मशीनला एका बाजूच्या शिलाईचा पाय (झिपर फूट) लावून दोराला अगदी खेटून पुन्हा शिवा.

प्रश्न : कापड ठणठणीत आहे, शिवणी मात्र उसवल्या. दोरा कोणता वापरावा?

सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हाने अशक्त होतो. बाँडेड (लेप देऊन धागे एकत्र चिकटवलेलं) पॉलिएस्टर घ्या : 92 नंबरचा दोरा 18 नंबरच्या सुईने, जाड थरांना 138 नंबरचा दोरा 20 नंबरच्या सुईने, टाका सुमारे 4 मिमी. टाके बारीक घेतले तर भोकांची रांगच कापडाला फाडते. उन्हात सतत असणाऱ्या अॅक्रिलिकला पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा घेतलात तर उन्हाने तो कमजोर होत नाही, महाग असला तरी तिथे तोच योग्य. पीव्हीसीच्या जोडांना मात्र शिलाईपेक्षा गरम हवेचं वेल्डिंग बरं, भोकंच पडत नाहीत.

जोड शक्यतो उताराच्या दिशेने ठेवा. आडवा जोड टाळता येत नसेल तर कौलांसारखं वरचं कापड खालच्यावर चढवा, 2.5 सेमी, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता ओलांडून जाईल.