मसुद्याचं सहावं पान आधी लिही

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. सैद्धांतिक खगोलभौतिकीत काम करणाऱ्या देशभरातल्या लोकांना एकत्र आणायची कल्पना चांगली आहे. मसुद्यात अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, विभागीय समित्या, वार्षिक अधिवेशन, बोधचिन्ह असं सगळं आहे. पण जिल्ह्याच्या गावी कॉलेजात तास, प्रॅक्टिकल आणि नॅकच्या (कॉलेजाच्या मूल्यांकनाच्या) फायली सांभाळून संशोधन करू पाहणाऱ्याच्या हाती यातून काय पडणार, ते थेट सहाव्या पानावर येतं, तेही एका ओळीत. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

अनुदान समितीत हमखास कोणीतरी म्हणतं, सिद्धांताला काय लागतं, कागद आणि पेन्सिल! हे वाक्य तुलाही ऐकावं लागेल. दुर्बिणीचा आरसा दाखवता येतो, त्याची किंमत सांगता येते. सिद्धांताचा खर्च मात्र रेल्वेचं तिकीट, महिनाभराची राहायची सोय, संगणकावरचा वेळ आणि शंका विचारायला समोर बसलेला माणूस असा विखुरलेला असतो. तो कलमवार लिहून दिला नाहीस, तर पेन्सिलीपुरतेच पैसे मिळतील.

आपल्याकडे एकट्यानं लढलेल्यांच्या कथा आवडीनं सांगतात. कोलकात्यात अमल कुमार रायचौधुरींना संस्थेत धातूंच्या गुणधर्मांवर काम करावं लागत होतं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरचं काम त्यांनी बाजूला चालू ठेवलं. १९५५ साली छापलेलं त्यांचं समीकरण पुढे पेनरोझ आणि हॉकिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सिद्धांतांचा पाया ठरलं. गोष्ट खरी आहे, पण ती सांगून आपण एकटेपणाचं समर्थन करून बसतो. तेवढाच एकटा असलेला दुसरा कोणी मध्येच थांबला असेल, तर त्याची गोष्ट सांगणार कोण?

मला त्यापेक्षा गणितज्ञ प्रल्हाद चुनीलाल वैद्यांचं उदाहरण कामाचं वाटतं. ते बनारसला विष्णू वासुदेव नारळीकरांकडे काही महिने राहिले, आणि तिथल्या कामातून प्रारण (प्रकाश, उष्णता अशी ऊर्जा) बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचं गणिती उत्तर निघालं. साल १९४३. योग्य माणसाजवळ काही महिने निवांत बसायला मिळालं की काय होतं, ते इथे दिसतं.

पुढे या नारळीकरांच्या मुलानं, जयंतरावांनी, पुण्यात जे उभं केलं त्यात मला बनारसचे ते महिने दिसतात. वडिलांनी एका माणसासाठी केलं, मुलानं त्याची व्यवस्था लावली. १९८४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन विद्यापीठ अनुदान आयोगाला आंतरविद्यापीठीय केंद्रं काढायची मुभा मिळाली होती. प्रा. यशपाल हे या आयोगाचे अध्यक्ष असताना, १९८८ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका हे खगोलशास्त्राचं असं केंद्र स्थापन झालं. जयंत नारळीकर मुंबईची टीआयएफआर ही संशोधनसंस्था सोडून आले, सोबतीला नरेश दधीच आणि अजित केंभावी. डिसेंबर १९९२ मध्ये नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या उपस्थितीत संस्था देशाला अर्पण झाली.

वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची ती वास्तू बघायला लोक येतात आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांच्या पुतळ्यांशेजारी फोटो काढतात. काढोत बापडे! पण तू जाशील तेव्हा अतिथिगृह बघ. माझ्या मते ती संस्थेची मुख्य प्रयोगशाळा आहे. कायम प्राध्यापक मोजके ठेवायचे आणि देशभरातल्या विद्यापीठांतले, कॉलेजांतले शिक्षक तीन-तीन वर्षांसाठी सहयोगी म्हणून निवडायचे. ते सुट्टीत येतील, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च संस्था करील, ग्रंथालय आणि संगणक त्यांचाच. हे कोणावर उपकार म्हणून नाही, त्यांचा हक्क म्हणून. एकदा येऊन गेलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा येता येणार हे ठाऊक असलं, की तो लांब पल्ल्याचा प्रश्न हाती घेतो. तुझ्या सहाव्या पानावर हे हवं.

याचीही एक खोट आहे. मे महिना पुण्यात आणि बाकीचं वर्ष पुन्हा कोरडं, असं काही जणांचं होतं. आयुकानं म्हणून निरनिराळ्या विद्यापीठांत संदर्भ केंद्रं काढली, म्हणजे तिथेच पुस्तकं, व्याख्यानं, छोट्या कार्यशाळा. काही चालली, काही एका माणसाच्या बदलीबरोबर मंदावली. तू निवडशील त्या प्रत्येक केंद्रावर किमान दोन शिक्षक असल्याशिवाय पैसे देऊ नकोस. प्राचार्यांनाही पहिल्या दिवसापासून सामील करून घे. ऑन ड्युटी रजा मंजूर करणारी सही त्यांची असते. आलेल्या शिक्षकानं काय काम केलं याचं साधं अर्धं पान त्यांना पाठवलंस, तर पुढची सही सोपी होते. हे कोणी शिकवत नाही.

लहान मुलं असलेल्या शिक्षिका महिनाभरासाठी एकट्या येऊ शकत नाहीत. कुटुंबासह राहायची सोय आणि पाळणाघर अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी घाल. नंतर घालीन म्हटलंस तर ते कधीच येत नाही. आणि शोधनिबंधावर कॉलेजच्या माणसाचं नाव कुठे येणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. मोठ्या संस्थेतला सहकारी सज्जन असला तरी ठरवा.

नवी संस्था नोंदवायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. गुरुत्वाकर्षणवाल्यांची संघटना १९६९ पासून आहे, ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी १९७२ पासून. त्यांच्या अधिवेशनाला जोडून आदल्या दोन दिवसांत तुमची कार्यशाळा घ्या, म्हणजे प्रवासखर्च एकदाच. आणखी एक घटना, आणखी एक निवडणूक, आणखी एक ऑडिट याची हौस असलेले लोक वेगळे असतात. त्यांना मोकळं रान देऊ नकोस.

संशोधनाचे प्रश्न निवडताना सगळी खगोलभौतिकी कवेत घेऊ नकोस. पुण्यातलंच उदाहरण बघ. भारतात गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्या रचनेतले सूक्ष्म कंप) टिपणारं एकही मोठं यंत्र नव्हतं, तेव्हा संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश हे गोंगाटात बुडालेला संकेत गाळून कसा काढायचा याचं गणित करत होते. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या ताऱ्यांचा संकेत कसा दिसेल ते आधी मोजायचं, वेगवेगळ्या वस्तुमानांसाठी त्याचे नमुने तयार करायचे, आलेली माहिती एकेका नमुन्याशी पडताळायची आणि किती नमुने पुरतील ते ठरवायचं. १९९१ साली त्यांचा या विषयावरचा निबंध छापला गेला. हे पेन्सिलीचंच काम, पण त्यातून विद्यार्थी तयार झाले, ते जगभर गेले, काही परतले. २००९ साली इंडिगो हा गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्या भारतीयांचा गट बनला तेव्हा एकमेकांची भाषा कळणारे लोक आधीच हजर होते. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या यंत्रांना संकेत सापडला, ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर झाला, आणि १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाला, म्हणजे तसंच यंत्र भारतात उभारायला, तत्त्वतः मान्यता दिली. सहा दिवसांत! त्यामागे पाव शतकाचं काम होतं, हे वर्तमानपत्रांत फारसं आलं नाही. पूर्ण मंजुरीला मात्र एप्रिल २०२३ उजाडलं. रक्कम सुमारे २६०० कोटी, जागा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. समितीत पुन्हा पेन्सिलीचा विषय निघाला तर हा क्रम त्यांच्यापुढे ठेव: आधी माणसं, मग यंत्र.

आता नेतृत्वाचं. केंब्रिजमध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था काढली. जयंत नारळीकर तिच्या सुरुवातीच्या मंडळींतले. उन्हाळ्यात बाहेरचे शास्त्रज्ञ येऊन राहायचे, कामाचा धडाका असायचा. पण संस्थेचं वजन एका माणसाच्या वजनावर तोललेलं होतं. १९७२ मध्ये हॉइल विद्यापीठाच्या निर्णयांवर नाराज होऊन निघून गेले आणि ती संस्था व तिथली वेधशाळा एकत्र करून नवी संस्था झाली. संशोधन थांबलं नाही, उलट ही नवी संस्था नावारूपाला आली. पण हॉइलना हवी होती ती संस्था उरली नाही. आयुकात नारळीकर २००३ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, संचालकपदावरून उतरले, मग दधीच, मग केंभावी. पहिल्या माणसाच्या हयातीत दुसरा आणि तिसरा संचालक काम करून गेला, याला मी पुरस्कारांपेक्षा जास्त किंमत देतो. तुझ्या मसुद्यात संयोजकाला मुदतच नाही. तीन वर्षं लिही आणि खाली तुझं नाव घाल, म्हणजे इतरांना बोलायला जागा राहणार नाही.

दुर्बिणीनं आकाश निरखणाऱ्या निरीक्षकांना बाहेर ठेवू नकोस, एवढंच या बाबतीत सांगतो. जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारे शेजारी असण्याचा पुण्यातल्या सैद्धांतिकांना फायदाच झाला.

पैशांबद्दल शेवटचं. पहिल्या वर्षी थोडेच माग आणि सगळे वेळेत खर्च कर. युटिलायझेशन सर्टिफिकेट (अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला) उशिरा गेलं की दुसरा हप्ता अडकतो आणि मे महिन्यात येणाऱ्यांची तिकिटं तुला खिशातून काढावी लागतात. हिशेबासाठी कार्यालयातला एक माणूस निम्म्या वेळासाठी मागून घे. हे काम पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडे सोपवायचं नाही.

सहावं पान नव्यानं लिहून दिवाळीच्या सुट्टीआधी पाठव. सोबत दहा नावं दे, त्यातली निदान सहा पुणे, मुंबई आणि बंगळुरूच्या बाहेरची असू देत. बोधचिन्हाचं पान पाठवलं नाहीस तरी चालेल.

तुझे,
सर