अच्चाक्कातूरा म्हणजे कणस्वर का?

प्रश्न असा आहे : अठराव्या शतकातला संगीतकार दोमेनिको स्कार्लात्ती याच्या हार्प्सिकॉर्डसाठीच्या (पियानोआधीचं, तारा छेडणारं कळफलकाचं वाद्य) सोनाटांच्या, म्हणजे छोट्या वाद्यरचनांच्या, ध्वनिमुद्रणांची तुलना लिहिताना ‘अच्चाक्कातूरा’ या पाश्चात्त्य स्वरालंकारासाठी ‘कणस्वर’ चालेल का?

पियानोच्या पुस्तकांत मान कापलेला, म्हणजे दांडीवर तिरकी रेघ असलेला, जो बारीक स्वर दिसतो, त्याच्यासाठी चालेल. तो मुख्य स्वराच्या अगदी आधी निसटता लागतो, आपल्या कणासारखाच. हार्प्सिकॉर्डच्या चर्चेत मात्र या शब्दाचा जुना अर्थ धरतात. इटालियन संगीतकार गास्पारिनीच्या १७०८च्या हार्प्सिकॉर्डवादनावरच्या पुस्तकातला अच्चाक्कातूरा स्वरसमूहाबरोबरच दाबतात आणि ताबडतोब सोडतात. पेटीवर सा-ग-प धरा, त्याच क्षणी रे दाबून लगेच उचला. कण आधी येतो, हा सोबत येतो. फरक एवढाच, पण मोठा.

स्कार्लात्तीत आणखी एक पेच आहे. के. ११९ आणि के. १७५ (‘के.’ म्हणजे अभ्यासक कर्कपॅट्रिकच्या यादीतला क्रमांक) या सोनाटांत डाव्या हाताला दाट स्वरसमूह आहेत आणि त्यांत शेजारशेजारचे स्वर कोंबलेले आहेत. हे स्वर बाकीच्यांच्याच लांबीचे लिहिलेत, सोडण्याची खूण नाही. म्हणजे पेटीवरचा तो रे उचलायचाच नाही. कर्कपॅट्रिकच्या स्कार्लात्तीवरच्या १९५३च्या ग्रंथात त्यांनाही अच्चाक्कातूराच म्हटलंय, आणि तसाच प्रघात आहे. काटेकोर पाहिलं तर नाव सैल आहे. स्पॅनिश गिटार झोडताना मोकळ्या तारा मध्येच वाजतात, तिथून ही कल्पना आली असावी असं बरेच जण मानतात, आणि मलाही ते पटतं.

ध्वनिमुद्रण ऐकताना आधी वादकाने कोणती संहिता, म्हणजे छापील स्वरलिपीची कोणती आवृत्ती, घेतली ते पाहा. लोंगो या संपादकाच्या जुन्या आवृत्तीत असे स्वर ‘चूक’ समजून दुरुस्त केलेत. ती वापरली असेल तर ऐकायला उरतंच काय? मग वेग निम्मा करून ऐका : सगळे स्वर एकदम पडतात की खालून वर उलगडतात? उलगडले की धार बोथट होते. पियानोवर नेमका तो स्वर हलका दाबून लपवता येतो. हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, बोटाच्या जोराने आवाज फारसा बदलत नाही, म्हणून वादकाच्या हाती स्वर कधी दाबायचा आणि कधी सोडायचा एवढंच उरतं. वाद्याचाही फरक पडतो. विसाव्या शतकातली हार्प्सिकॉर्डवादक लांडोव्स्का हिच्या लोखंडी चौकटीच्या प्लेयेल बनावटीच्या हार्प्सिकॉर्डचा नाद आणि ऐतिहासिक घडणीच्या वाद्याचा नाद एकाच तराजूत घालू नये. आधाराला हार्प्सिकॉर्डवादक स्कॉट रॉसचा १९८४-८५ मधला ५५५ सोनाटांचा संपूर्ण संच घ्यावा. के. ११९ आणि के. १७५ या दोन्ही सोनाटा एकाच वादकाच्या हातच्या मिळतात.

मराठीत या दाट समूहांतल्या स्वरांना मी ‘उपरे स्वर’ म्हणेन. ‘विवादी’ नको, त्या शब्दाचा संबंध रागाशी आहे. आणि ‘कणस्वर’ ठेवायचाच असेल, तर फक्त त्या मान कापलेल्या चिन्हापुरता ठेवा.