हात लावला की कळ उठते

"ताई, नागीण बरी होऊन ७ महिने झाले. फोड गेले, पण उजव्या बरगडीवरचा पट्टा अजून आगआग होतो. पंख्याचा वारासुद्धा सोसवत नाही. परवा यजमानांनी सहज पाठीवर हात ठेवला आणि मी किंचाळले. तेव्हापासून ते दुसऱ्या खोलीत झोपतात. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, त्यामुळे घरच्यांना हे नाटक वाटतं." – म., वय ५८

म.ताई,

नाटक कसलं! नागिणीचा विषाणू नसेला इजा करून जातो. कातडी भरून येते, नस मात्र बिथरलेली राहते आणि साधा स्पर्शसुद्धा वेदना म्हणून मेंदूकडे धाडते. डॉक्टर याला अ‍ॅलोडिनिया म्हणतात. रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेत ते दिसतच नाही, तेव्हा 'नॉर्मल' रिपोर्टवरून कुणी काही ठरवू नये.

यजमान रुसले नसावेत, घाबरले असावेत. एकदा त्यांच्या हाती कापसाचा बोळा द्या. चांगल्या कातडीवरून तो हळूहळू दुखऱ्या भागाकडे आणायला सांगा आणि तुम्ही 'बास' म्हणाल तिथे पेनाने ठिपका. चारी बाजूंनी असे ठिपके झाले की हद्द त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. हद्दीबाहेरची तुम्ही पूर्वीचीच आहात, हेही त्यांना कळेल. गोंजारणं मात्र नको. हलका, फिरता स्पर्श सगळ्यात जास्त झोंबतो. सांगून, सावकाश टेकवलेला स्थिर हात बऱ्याच जणांना चालतो.

कपड्यांचंही तसंच. सैल कपडा बरा असं वाटतं, पण तो सारखा घासतो. अंगासरशी मऊ बनियन उलटा घालून पाहा, शिवण बाहेर राहते. दिवसातून दोन-तीनदा, पाचेक मिनिटं, स्वतःच्या हाताने तिथे मऊ कापड टेकवा. सवय झाली की जरा खरखरीत घ्या. कळ वाढून तासन्‌तास राहिली तर मागे या. बर्फ किंवा गरम पिशवी नको. तिथली जाण बिघडलेली असते, भाजलेलंही कळत नाही.

नुसत्या पॅरासिटामॉलवर दिवस काढत असाल तर ते थांबवा, अशा दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. न्यूरोलॉजिस्टकडे किंवा पेन क्लिनिकमध्ये (जुनाट दुखण्यांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात) जा. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतील. ही फिटची किंवा नैराश्याची औषधं म्हणून वाचाल आणि रागावाल (माझ्याकडे असे रागावलेले बरेच येतात), पण बिथरलेल्या नसेवर हीच चालतात. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला गुंगी येते, रात्री उठताना जपून. आणि मनाने एकदम बंद करू नका. लिडोकेनच्या, म्हणजे कातडी बधिर करणाऱ्या औषधाच्या, पट्टीबद्दलही विचारा.

आणि यजमानांना आजच परत बोलवा. दुखणं उजवीकडे आहे ना? त्यांनी डावीकडे झोपावं.