सगळेच प्राध्यापक, सगळ्यांच्याच हाती ट्रॉम्बोन

प्रश्न : अमेरिकेतल्या आठ प्राध्यापकांचं एक वादन मोबाइलवर ऐकलं. आठही जण वेगवेगळ्या विद्यापीठांत संगीत शिकवतात आणि आठही जण ट्रॉम्बोनच, म्हणजे सरकत्या नळीचं ते पितळी फुंकवाद्यच, वाजवतात. साथीला दुसरं काहीच नाही. त्यांना कंटाळा येत नाही का? आणि या वाद्यावर आपली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघते का? — एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : कंटाळा कसला, वर्षभराची भूक भागते त्यांची. तिकडच्या बहुतेक संगीत विभागांत गाण्याचे, पियानोचे शिक्षक पुष्कळ, ट्रॉम्बोनचा मात्र एकच. लहान कॉलेजात तर युफोनियम आणि ट्यूबा ही दुसरी पितळी वाद्यंही त्याच्याच गळ्यात. भोवती सगळे विद्यार्थी. सर वाजवतील ते बरोबर. सरांचा सूर चढलाय हे तोंडावर सांगणारं बरोबरीचं कुणी नसतं. मग सुटीत किंवा संमेलनात असे एकेकटे मास्तर जमतात. ट्रॉम्बोनवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ पासून आहे. पहिल्या ट्रॉम्बोनचा भाग कुणी वाजवायचा यावरून रुसवेफुगवे होत असणारच, प्राध्यापकच ते!

शाळेत संगीत शिकवायला लागण्याआधी मी इथल्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचो. तिथे मीही एकटाच. रावपुऱ्यातून वरात निघाली की मला पहिल्या रांगेत उभं करायचे. मान म्हणून नव्हे; मागे ठेवलं तर सरकती नळी पुढच्याच्या पाठीत बसते. क्लॅरिनेटवाले आपसांत भांडायचे, एकमेकांचं उचलायचे. मी कुणाचं उचलणार?

आता मुद्द्याचं. ट्रॉम्बोनला सुरांसाठी भोकं नाहीत, पट्ट्या नाहीत. नळी सरकवायच्या सात जागा, पण त्यांवर कुठेही खूण नाही. पहिल्या जागेपासून दुसरी साधारण आठ सेंटीमीटरवर, आणि पुढची अंतरं वाढत जातात. सगळा कारभार कानावर. आठ जणांनी मिळून सा-ग-प असा मेळ, म्हणजे तिन्ही सूर एकाच वेळी, धरला, तर ज्याच्या वाट्याला गंधार आला त्याला तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा किंचित उतरवावा लागतो. हार्मोनियमवर दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर धरतात; सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. तिथला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तेव्हा पेटीविरुद्ध ही तक्रार होतीच. ट्रॉम्बोनवाला नळी केसभर पुढे ढकलतो, सुरांची थरथर थांबते आणि मेळ घट्ट बसतो. पुढच्याच मेळात त्याच माणसाकडे पंचम येईल, मग हात पुन्हा मागे. हे पडताळायला शेजारी तितक्याच तयार कानाचा माणूस लागतो. तुमच्याकडच्या ध्वनिमुद्रणातले लांब धरलेले मेळ डोळे मिटून पुन्हा ऐका.

एकच वाद्य म्हणालात, तर त्यात उंच सुरांपासून खर्जापर्यंत अल्टो, टेनर, बास असे प्रकार असतात. टेनरची नळी उलगडली तर सुमारे नऊ फूट भरेल. जर्मन संगीतकार बेथोव्हेनने १८१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ गावी फक्त चार ट्रॉम्बोनसाठी तीन छोट्या रचना केल्या. १८२७ मध्ये त्याच्याच अंत्यविधीत त्यांचा उपयोग झाला.

मींड निघते, आणि झकास निघते, पण तिला कुंपण आहे. नळी पूर्ण बाहेरून पूर्ण आत आणली तरी सहा अर्धस्वरच चढतात, म्हणजे सा पासून तीव्र मध्यमापर्यंत. सा ते पंचम एका ओढीत येणार नाही. मध्ये ओठांनी उडी मारावीच लागते. त्यातही सा कुठे धरला यावर कुठली मींड मिळेल ते ठरतं. यमनातली नि ते रे एका पट्टीत लोण्यासारखी येते, दुसरीत तुटते. माझं मत विचाराल तर ख्यालाच्या नादी लागू नये, आलापीपुरतं ठीक.

प्रश्न : बडोद्यात असा वृंद का नाही? — त्याच वाचकांचा पुढचा प्रश्न

उत्तर : सयाजीराव महाराजांनी दरबारी गायक मौलाबक्षांच्या हाती १८८६ मध्ये गायनशाळा सोपवली, तीच पुढे सुरसागरसमोरचं आपलं म्युझिक कॉलेज झाली. गाणं, तबला, सतार, नृत्य सगळं तिथे रुजलं. पितळी वाद्यं मात्र आपल्याकडे राहिली ती वरातीत आणि पोलिसांच्या बँडमध्ये, पदवीच्या बाहेर. ट्रॉम्बोनचे आठ प्राध्यापक आणायचे कुठून? त्यापेक्षा बँडवाल्यांतले चार जण श्रावणात मोकळे असतात, त्यांना एका खोलीत बसवा. कॉलेजने फक्त खोली द्यावी.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, ट्रॉम्बोन शिकायचं म्हणते. हात पुरेल का? — एक आई, मांजलपूर

उत्तर : ताई, सातव्या जागेपर्यंत नाही पुरणार, पण सुरुवातीला तिथे जावंच लागत नाही. पहिल्या चार जागांत बरंच काही वाजतं. प्लास्टिकचा हलका ट्रॉम्बोन मिळतो, तो घ्या. जुना पितळी घेतलात तर आधी नळी सरकवून बघा, कुठे अडकली तर परत करा. पोचा पडलेली नळी दुरुस्त करणं महागात जातं. सुरुवातीला नुसत्या माउथपीसमध्ये, म्हणजे ओठांना लावायच्या तुकड्यात, ओठ फडफडवायला सांगा. शेजारी तक्रार करतील, करू द्या. आणि खाली जुनं फडकं अंथरा, वाफेचं पाणी नळीतून सारखं काढावं लागतं.